खारीज नसलेले रजिस्टर

शाळेच्या कपाटात कुलपाआड असणाऱ्या वह्यांपैकी सर्वांत जुनी आणि सर्वांत जाड वही म्हणजे दाखलखारीज रजिस्टर. सरकारी परिभाषेत त्याला जनरल रजिस्टर म्हणतात, परंतु जुने नाव अजून पुसले गेलेले नाही. नावातले दोन्ही शब्द मूळचे अरबी, कारकुनांच्या मराठीमार्फत आपल्याकडे आलेले. दाखल म्हणजे आत आलेला, खारीज म्हणजे बाहेर गेलेला. मूल शाळेत आले की त्याच्या नावाची एक ओळ सुरू होते. त्याने शाळा सोडली की शेवटच्या रकान्यात तारीख आणि कारण लिहून ती ओळ बंद केली जाते. ओळ पुसत नाहीत हे खरे. पण शाळेचा त्या मुलावरचा अधिकार तिथे संपतो.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: गेल्या दहा-बारा वर्षांत शाळांनी जे नवे, अदृश्य रजिस्टर भरायला घेतले आहे त्यात दाखल आहे, खारीज नाही. शाळांसाठी माहितीच्या सुरक्षेचे धोरण हवे असे आता सगळेच म्हणतात, आणि असे म्हणून तो प्रश्न संगणक शिकवणाऱ्या शिक्षकाकडे सोपवून मोकळे होतात. वास्तविक हा प्रश्न कोणी लिहावे, काय लिहावे, ते कोणी वाचावे आणि कधी थांबावे याचा आहे. ज्यांचा व्यवसायच लिहिणे-वाचणे आहे, त्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी यात आपला काही संबंध नाही असे समजावे, ही गोष्ट आश्चर्याची आणि थोडी लाजेचीही आहे.

नव्या रजिस्टरची वाढ कशी झाली ते पाहू. महाराष्ट्रात २०१५ साली 'सरल' ही संगणकीय प्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती एका ठिकाणी भरली जाऊ लागली. केंद्राची यू-डायस ही पूर्वी शाळानिहाय आकडे मागणारी व्यवस्था. २०२२-२३ पासून ती एकेका मुलाची स्वतंत्र नोंद मागू लागली. २०२३ मध्ये 'अपार' हा देशभराचा एकच विद्यार्थी-क्रमांक पुढे आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून राज्यात विद्यार्थ्यांची दैनंदिन हजेरी मोबाइलवरील चॅटबॉटमार्फत नोंदवण्याचे आदेश निघाले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणानंतर शाळांत सीसीटीव्ही बंधनकारक झाले. यातल्या प्रत्येक पावलामागे कारण होते, काहींमागे तर अतिशय दुःखद कारण होते. पण ही सगळी पावले एकाच दिशेने पडली आहेत, आणि मागे येण्याची वाट कोणीच आखलेली नाही.

आता हे सारे हिंगोली जिल्ह्यात आणून पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. यातल्या एखाद्या वाडीवरच्या किंवा तांड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेची कल्पना करा. तिथल्या तिसरीतल्या मुलीच्या नावापुढे काय काय जमा होते? जन्मतारीख, आईवडिलांची नावे, धर्म, जात, पोटजात, मातृभाषा, दारिद्र्यरेषेचा तपशील, अपंगत्व असल्यास त्याचा प्रकार, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी बँकेचा खाते क्रमांक, वडिलांचा मोबाइल, उंची, वजन, छायाचित्र. आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले असतील, तर हंगामी वसतिगृहाच्या यादीत तेही. म्हणजे कोणत्या घरात वर्षातले किती महिने मोठे माणूस नसते, याची लेखी खबर.

ही माहिती भरणारा शिक्षक बहुधा स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या इंटरनेटवर ती भरतो. वरून मागणी येते ती व्हॉट्सॲपच्या गटावर, 'आजच्या आज', 'अत्यंत तातडीचे' अशा विशेषणांसह. शिक्षक आधार कार्डांचे फोटो काढून गटावर टाकतो. नेट चालले नाही तर तालुक्याच्या गावी ऑनलाइन कामे करून देणाऱ्या दुकानात जातो आणि शाळेचा पासवर्ड दुकानदाराच्या वहीत लिहून ठेवतो. यात त्या शिक्षकाची लबाडी नाही. सांगितलेले काम दिलेल्या साधनांत करण्याची ही धडपड आहे. परंतु एका मुलीचे सबंध आयुष्य अशा रीतीने चार मोबाइलांत, दोन गटांत आणि एका झेरॉक्सच्या दुकानात पसरते, आणि त्याला धोरण नावाची कसलीही कडी नसते.

इथे एक भाषिक गंमत नोंदवायला हवी. 'डेटा' या शब्दाला मराठीत काय म्हणावे यावर महाजालावरच्या मराठी मंडळींनी पुष्कळ शाई, म्हणजे पुष्कळ टंकन, खर्ची घातले आहे. 'विदा' हा शब्द त्यातूनच रुळला. विद् धातूशी नाते सांगणारा, म्हणजे जाणण्याशी जोडलेला हा शब्द चांगलाच आहे. पण शब्दाच्या व्युत्पत्तीवर आपण वाद घालत असताना त्या शब्दाने दाखवलेली वस्तू आपल्याच विद्यार्थ्यांच्या घरातून गोण्या भरभरून बाहेर जात होती, तिकडे आपले लक्ष नव्हते. कोण कोणाला जाणतो, आणि ज्याला जाणले जाते त्याला त्याची जाण आहे का, हा प्रश्न त्या धातूतच दडलेला होता.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप असा की खेड्यातल्या शाळेत चोरण्यासारखे असते काय? पुण्या-मुंबईच्या श्रीमंत शाळांना धोरण हवे. कळमनुरीच्या वाडीला कशाला? हा आक्षेप मराठी साहित्य वाचलेल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले. शाळेच्या नोंदीत बापाचे नाव कोणते लावायचे, हा त्या आत्मकथनातला केवढा मोठा पेच आहे, हे आपण वर्गात शिकवतो. रजिस्टरमधला एक रकाना माणसाच्या काळजात किती खोल जातो याची साक्ष आपल्याच अभ्यासक्रमात आहे. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ज्या समाजातून येते, त्याच्यासारख्या समाजांवर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि माणसांची नावे हजेरीच्या वहीत डांबली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वहीने लावलेला डाग मात्र कायद्याबरोबर गेला नाही. ज्याच्याकडे गमावण्यासारखे पैसे नाहीत त्याच्याकडेच गमावण्यासारखी इतर माहिती जास्त असते: जात, आजार, स्थलांतर, कर्ज, मोडलेला संसार.

शिवाय लिहिणाऱ्याला आपल्या लिहिण्याचा पुढचा उपयोग कधीच ठाऊक नसतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातल्या शाळांच्या, महसुलाच्या, जन्ममृत्यूच्या नोंदी २०२३ मध्ये अचानक बाहेर काढल्या गेल्या. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मोडी आणि उर्दू वाचणारे लोक शोधावे लागले. जुन्या रजिस्टरमध्ये कुणबी हा एक शब्द सापडला की पणतवंडांच्या प्रमाणपत्राचा मार्ग बदलू लागला. आरक्षणाच्या वादात इथे शिरायचे नाही. मुद्दा एवढाच की ज्या मास्तरांनी बोरू किंवा टाक बुडवून तो शब्द लिहिला, त्यांनी हे स्वप्नातही पाहिले नसेल. ऐंशी वर्षांनी एका रकान्याला एवढी किंमत येत असेल, तर आज भरल्या जाणाऱ्या पन्नास रकान्यांची ऐंशी वर्षांनंतरची किंमत कोण सांगणार? त्या वेळी नोंद अनुकूल ठरली. पुढच्या वेळी ती कोणावर उलटेल?

दुसरा आक्षेप असा की माहिती सरकारी सर्व्हरवर सुरक्षित असते, तिची काळजी शाळेने करण्याचे कारण नाही. जानेवारी २०२३ मध्ये 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपची माहिती वर्षभराहून अधिक काळ कुलूपबंद नसलेल्या सर्व्हरवर पडून होती असे उघड झाले. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांचे तपशील आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती होती. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या, शाळांची माहिती सांभाळणाऱ्या मोठ्या कंपनीत चोरी झाली. दरवाजा फोडावा लागला नाही, चोरलेला एक पासवर्ड पुरला. कंपनीने खंडणी दिली, आणि तरीही पुढच्या वर्षी शाळांना पुन्हा धमक्या आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या सीसीटीव्हीची दृश्ये महाजालावर विकली जात असल्याचे बाहेर आले; सुरक्षेसाठी बसवलेला कॅमेराच तिथे चोराचा डोळा झाला. आणि आपल्याच राज्यात, २०२५ मध्ये, नागपूर विभागातले बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस येऊन विशेष तपास पथक नेमावे लागले. शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची प्रणाली. आत शिरण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे आणि तो कोण वापरतो, याची शिस्त नसली की काय होते, त्याचा हा घरचा धडा आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो असा: माहिती गोळा केली नाही तर चोरी वाढते, आणि ती चोरी गरिबांच्या नावावर होते. २०११ साली हिंगोलीच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पटपडताळणी झाली आणि शाळांच्या पटावरची हजारो मुले प्रत्यक्षात नाहीतच असे दिसले. त्यानंतर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पडताळणी झाली आणि बोगस विद्यार्थ्यांचा आकडा वीस लाखांच्या घरात गेला. न जन्मलेल्या मुलांच्या नावे खिचडी शिजली, गणवेश शिवले गेले, अनुदाने उचलली गेली. हे नाकारून चालणार नाही.

पण त्या पडताळणीत काय वापरले गेले ते आठवा. एक मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली गेली. मोजणी झाली, खोटेपणा उघडा पडला, आणि काही दिवसांनी शाई निघून गेली. एकाही मुलाचा क्रमांक जन्मभर त्याच्या मागे लागला नाही. मोजण्यासाठी ओळख कायमची बांधून ठेवावी लागते, हे म्हणणे त्या तीन दिवसांनीच खोटे पाडले होते. खोटे पट मोठ्या माणसांनी लिहिले; त्याची भरपाई मुलांनी आपल्या खाजगीपणाने का करावी?

झाले मात्र उलटेच. २०२२-२३ च्या संचमान्यतेत आधारशी जुळलेल्या विद्यार्थ्यांचाच हिशेब धरण्यावर भर दिला गेला. म्हणजे मुलाचे आधार जुळले नाही तर शिक्षकाचे पद धोक्यात. दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले आहे की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवी, आणि मूल सज्ञान झाल्यावर त्याला त्यातून बाहेर पडण्याची मुभा हवी. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुभा कायद्यात आली: अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आपला क्रमांक रद्द करून घेता येतो. खारीज हा शब्द कायद्याने असा मान्य केला आहे. शाळांच्या भिंतींवर सुविचार पुष्कळ रंगवलेले असतात. हे एक वाक्य मात्र कुठे रंगवलेले दिसत नाही.

आणि संमती कोण मागतो? तोच शिक्षक, ज्याचे पद त्या संमतीवर टिकून आहे. 'अपार' ऐच्छिक आहे असे सरकार सांगते; डिसेंबर २०२४ मध्ये त्यासाठी शाळांत खास मोहिमेचे दिवसही पाळले गेले. ऐच्छिक गोष्टीची मोहीम असते, उद्दिष्ट असते, टक्केवारी असते आणि मागे राहिलेल्या शाळांची यादी असते, तेव्हा 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ काय उरतो? साहित्याच्या अध्यापकाने विचारावा असाच हा प्रश्न आहे. संमतिपत्र हे गद्य आहे. त्याचा वक्ता कोण, श्रोता कोण, त्यात कोणते वाक्य कर्तरी आहे आणि कोणते मुद्दाम कर्मणी ठेवले आहे, 'आवश्यक तेथे' आणि 'संबंधित यंत्रणा' या शब्दांआड कोण उभे आहे, हे वाचता येणे म्हणजेच समीक्षा. आपण कवितेतल्या मौनाचा अर्थ लावतो, आणि संमतिपत्रात 'नाही' लिहायला जागाच ठेवलेली नसते, त्या मौनाकडे दुर्लक्ष करतो.

सेनगावच्या बाजारात हळदीचा भाव पाडून मागितला तर 'परवडत नाही' म्हणून पोते परत गाडीत टाकणारा शेतकरी, शाळेत आल्यावर मास्तर दाखवतील तिथे सही किंवा अंगठा करतो. त्याला नकार देता येत नाही असे नाही. नकार देता येईल अशा मराठीत त्याला कोणी विचारलेलेच नसते.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येकाला तो मूल मानतो, पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि मुलांविषयीची कर्तव्ये मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास दीड वर्षाची मुदत ठेवली गेली. मात्र शासनाला लाभ आणि योजनांसाठी, आणि शैक्षणिक संस्थांना मुलांवर लक्ष ठेवण्याबाबत, त्यात सवलतीही आहेत. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला या छत्रीखाली किती जागा मिळेल हे बरेचसे शाळा स्वतः काय ठरवते यावर राहील. धोका असा आहे की हे ठरवण्याऐवजी कुठूनतरी इंग्रजी नमुना येईल, त्याचे यांत्रिक भाषांतर होईल, शाळेचे नाव घालायची रिकामी जागा भरली जाईल आणि फाइल बंद होईल. असे धोरण म्हणजे न वाचता दिलेला अभिप्राय.

मग शाळेने लिहायचे तरी काय? फार नाही, दोन पाने पुरतील. पहिले, प्रत्येक रकान्यापुढे तो कोणी मागितला आणि कशासाठी, हे लिहावे. कारण सांगता येत नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. दुसरे, आधार, जातीचे प्रमाणपत्र आणि मुलांचे फोटो व्हॉट्सॲपच्या कोणत्याही गटावर जाणार नाहीत, मागणी कितीही तातडीची असली तरी. तिसरे, शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक जगजाहीर असतो; तो किंवा त्याच्यासारखे काही पासवर्ड म्हणून वापरू नये, मुख्याध्यापक बदलले की पासवर्ड बदलावा आणि बाहेरच्या दुकानात तो कधीही ठेवू नये. चौथे, संमतिपत्रात 'हो' आणि 'नाही' यांच्या चौकटी सारख्याच आकाराच्या असाव्यात, आणि 'नाही' म्हटल्याने पोषण आहार, गणवेश, पुस्तके यातले काहीही थांबणार नाही हे वाक्य त्यात वरच असावे. पाचवे, सीसीटीव्हीचे चित्रण कोण पाहील आणि किती दिवसांनी पुसले जाईल हे ठरलेले असावे. सहावे, माहिती फुटली तर ती लपवू नये. पालकांना कोण सांगेल आणि किती दिवसांत, याचे नाव आणि मुदत आधीच लिहिलेली असावी. आणि सातवे, सर्वांत महत्त्वाचे, खारीज: मूल शाळा सोडेल तेव्हा बँकेचा खाते क्रमांक, आधारची प्रत, फोटो, फोन क्रमांक शाळेकडून कधी नष्ट होतील याची तारीख.

यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. हे धोरण तिथे मोठ्याने वाचावे. ज्या वाक्यापाशी समितीतली एखादी बाई 'म्हंजे काय?' असे विचारील, ते वाक्य पुन्हा लिहावे. वरच्या प्रणालींत काय भरायचे हे शाळेच्या हाती नाही हे मान्य; पण प्रती किती काढायच्या, त्या कुठे ठेवायच्या आणि कधी फाडायच्या, हे तिच्याच हाती आहे. गळती बहुतेक वेळा याच ठिकाणी होते.

एक शेवटचा आक्षेप आपल्याच गोटातून येईल. संशोधक म्हणतील, नोंदी नष्ट केल्या तर उद्याचा इतिहास कशावर लिहायचा? सातारच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर ही नोंद नसती, तर ७ नोव्हेंबर १९०० या शाळाप्रवेशाच्या तारखेला आपण काय म्हणून वंदन केले असते? २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, तो त्या एका ओळीमुळे. हे सर्व मान्य. म्हणूनच रजिस्टर जाळा असे कोणी म्हणत नाही. पण ती ओळ एका शाळेत, एका कपाटात राहिली. तिला पाहायला माणसाला साताऱ्याला जावे लागले. तिच्यासोबत बाबासाहेबांच्या वडिलांचा खाते क्रमांक आणि बोटांचे ठसे गावोगाव फिरले नाहीत. दप्तरखाना जपतो आणि वाट अडवतो. नळ फक्त वाहतो. आपण उभारले आहे ते दप्तरखाना नसून नळ आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीला नामदेवांचे जन्मस्थान मानतात. औंढ्याच्या देवळात कीर्तनाला उभे राहिलेल्या नामदेवांना मागच्या बाजूला धाडले गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा त्या भागात सर्वांना पाठ आहे. माणसाची जात विचारून त्याची जागा ठरवणाऱ्यांना देवळाने दिलेले ते उत्तर. संगणकातला जातीचा रकाना असा आपण होऊन फिरणार नाही. तो फिरवायचा तर कोणीतरी बसून, शब्द तोलून, दोन पाने लिहिली पाहिजेत.

ती पाने लिहिण्याची पात्रता ज्यांच्याकडे आहे ते मराठीचे पदवीधर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि त्यातले बरेचसे शाळांमध्येच नोकरीला आहेत. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी या वर्षी एक तास काढावा, शेजारच्या शाळेचे संमतिपत्र फळ्यावर लिहावे आणि एखाद्या उताऱ्याचे करतो तसे त्याचे रसग्रहण करावे. नंतर विद्यार्थ्यांना एकच गृहपाठ द्यावा: हेच पत्र असे लिहून आणा की वाचणाऱ्या आईला 'नाही' म्हणता येईल.